चकतीवरचा थर

मी विश्रामबागेतल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रयोगवहीवर सरांची सही असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे, आणि माझी सही ॲल्युमिनियमच्या एका चकतीपायी अडली.

प्रयोग साधा होता. काचेच्या नळीत समोरासमोर दोन चकत्या बसवायच्या, पंपाने हवा काढायची आणि मोठा विद्युतदाब द्यायचा. उरलेली विरळ हवा जांभळी उजळते. प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई नळी आधी बेंझिनने पुसून ठेवत. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्या दिवशी त्यांचा ओला बोळा आतच राहिला आणि मीही न बघता नळी बंद केली. प्रकाश फिकट निळसर आला. तासाभराने उघडून बघतो, तर चकतीवर पिवळसर, सायीसारखा पातळ थर.

सरांनी चकती उजेडात धरली. "मळ आहे हा. धुऊन आण. वहीत लिही, नळी अस्वच्छ होती. मग सही." वळता वळता म्हणाले, "स्वच्छता मुळात अंगात असावी लागते."

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही बौद्ध झालो त्याला काही वर्षं लोटली होती. सरांच्या लेखी आम्ही होतो तिथेच होतो.

साबण झाला, स्पिरिट झालं, बेंझिनही झालं. थर हलेना.

"गड्या, लिहून टाक की," मामा म्हणाले. "बोळा माझा ऱ्हायला. तुझं वरीस कशाला घालवतूस?"

"मळ असता तर निघाला असता, मामा."

रविवारी कराडजवळच्या आमच्या गावी गेलो. आईने पिशवीतली चकती डब्याचं पत्र्याचं झाकण समजून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली आणि वर राखेने घासली.

"आरं, कसलं रं झाकण हे? ॲल्युमिनचं हाय म्हनून सांगायचं न्हाईस व्हय! सोड्यानं मागनं काळं पडलं बघ. फुडनं मातर लय घासलं तरी ढिम्म न्हाई."

मी ओरडणार होतो. चकती हातात घेतली आणि दोन्ही बाजू उलटसुलट करून बघितल्या.

सोमवारी ती सरांच्या टेबलावर ठेवली. "धुतली सर. माझ्या आईने धुतली, सोड्याने आणि राखेने. उघडी बाजू काळी पडली, थराची नाही. हा मळ नव्हे. बेंझिनची वाफ त्या प्रकाशात मोडून धातूवर घट्ट बसली आहे."

"उलट बोलतोस?"

"बोलतोय सर. अस्वच्छ असं मी लिहिणार नाही. वर्ष गेलं तरी."

सरांनी चकती दोनदा उलटसुलट केली. "नवी लाव. माझ्यासमोर कर."

या वेळी ओला बोळा मी मुद्दाम आत ठेवला. तोच निळसर प्रकाश, तोच थर. सरांनी स्वतः कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडले. उघड्या कडेवर बुडबुडे फसफसले. थरावरचा थेंब नुसता बसून राहिला.

त्यांनी वही ओढली, माझी ओळ वाचली आणि सही केली. त्या सहीमुळे मी पदवीधर झालो, तो उपकार मी मानतो. पण ते 'अंगात' विसरलो नाही.

पुढे नोकरीत कळलं की जगात काही जण मुद्दाम असे थर चढवतात आणि अशा थरांना पॉलिमर म्हणतात. माझ्या वहीत तो शब्द नाही. 'थर धुऊन निघाला नाही' एवढंच आहे, आणि खाली सरांची सही.