हणमंतची वाकडी रेष

ही गोष्ट चार वर्षं माझ्या फोनमध्ये पडून आहे. बायकोला दाखवली नाही, मित्रांना वाचून दाखवली नाही — आणि ज्याची होती त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. आता माझाच मला इतका वैताग आलाय, की कुणापुढे तरी बोलावंच लागेल.

आधी गॅलरीचं सांगतो. (बघा, लगेच फाटे फोडायला लागलो.) बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये तहसीलच्या मागच्या बोळात, खताच्या दुकानावर आमची एक खोली आहे. तिला गॅलरी म्हणायचं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. आम्ही पाच जण मिळून त्रिकोण, चौकोन, पट्टे एवढंच रंगवतो — बैल नाही, देव नाही, डोंगरामागचा सूर्य नाही. लोक येतात, "सर, ह्यात हाय काय पण?" म्हणतात आणि पंख्याखाली दहा मिनिटं बसून बाजाराला निघून जातात. दहा वर्षं मी ह्या गावाला चौकोन समजावतोय. डोकं फुटायची वेळ येते.

अशात पोलंडमधल्या एका तितक्याच लहान गॅलरीशी आमची ओळख झाली. दरवर्षी त्यांची पाच चित्रं इकडे, आमची पाच तिकडे, असं ठरलं. आमच्यात इंग्रजी मला एकट्याला येतं, म्हणून सगळे मेल माझ्या फोनवर. तिकडून काय आलं, ते मी सांगेन तेवढंच बाकीच्यांना कळायचं. कुणी कधी शंका घेतली नाही. कशाला घेतील? मी सर ना!

आमच्या पाचांत एक हणमंत. शाळा आठवीपर्यंत, धंदा ट्रॉल्या रंगवायचा. उसाच्या ट्रॅक्टरमागची ट्रॉली असते ना, तिच्या मागच्या पत्र्याच्या झडपेवर, फाळक्यावर, तो त्रिकोणांच्या रांगा काढायचा. पट्टी नाही, टेप नाही — ब्रश भरला की श्वास रोखून एका दमात रेष. पार कडा गावाहून लोक ट्रॉली घेऊन त्याच्याकडे यायचे. त्याची रेष मध्ये कुठंतरी किंचित हलायची. अगदी किंचित. मला ती खुपायची. मी डिप्लोमावाला माणूस, पंचवीस वर्षं गुण्या हातात धरलेला — मला वाटायचं, याला कुणी शिकवलंच नाही, बिचाऱ्याला.

पहिल्या वर्षी आमची चित्रं तिकडे लागली आणि महिन्याभरानं ती गॅलरी चालवणाऱ्या बाईंचा मेल आला. लांबलचक. माझ्या चित्राबद्दल त्यात एक शब्द होता — नेटकं. एक! बाकी सगळा मेल हणमंतबद्दल. लोक त्याच्याच चित्रासमोर थांबतात, ही रेष माणसाच्या हातची आहे हे लांबूनही कळतं, अशी रेष आमच्याकडे आता कुणी ओढत नाही. पुढच्या उन्हाळ्यात हणमंत यांनी इथं येऊन आमची एक अख्खी भिंत रंगवावी, येण्याजाण्याचं सगळं आम्ही बघू.

माझ्या पोटात दुखलं. दुसरा सोज्वळ शब्द शोधत बसत नाही. ज्या वाकडेपणावर मी पोरांचे मार्क कापतो, त्याच वाकडेपणासाठी त्याला विमानानं बोलावणं — आणि मी नेटका!

मी उत्तर लिहिलं, की हणमंतना प्रवास जमणार नाही. घरची अडचण आहे. पाच मिनिटांचं काम. खालून दुकानातल्या पोत्यांचा आवाज येत होता, एवढं आठवतं.

पण मी तिथंच थांबलो असतो तर? नाही थांबलो. हणमंत दर दोन दिवसांनी विचारायचा, "सर, माझ्या चित्राचं काय कळालं का?" एकदा चिडून सांगून टाकलं, की त्यांना नाही आवडलं. रेष वाकडी आहे म्हणाले. ह्या कलेत रेष सरळ लागते.

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. आमाला कुठं काय कळतंय."

आणि तो शिकायला बसला, हो. बीडला जाऊन चिकटपट्टीची रिळं आणली. माझ्याकडून गुण्या नेला. ट्रॉल्या सोडून रोज दोन तास सरळ रेषा ओढायचा, मला आणून दाखवायचा, आणि मी — मी त्या तपासायचो! लाल पेन्सिलीनं! वर्षभरात त्याचा हात इतका सरळ झाला, की छापल्यासारखा. मी ती चित्रं तिकडे पाठवली. बाईंचा एका ओळीचा मेल आला: हा तोच चित्रकार आहे का?

मी लिहिलं, होय.

त्यानंतर त्यांनी त्याच्याबद्दल कधी काही विचारलं नाही. ट्रॉलीवाल्यांनीही हळूहळू पाठ फिरवली. "असलं तर स्टिकरमधी बी मिळतंय की," असं एकानं त्याच्या तोंडावर म्हटलं. हणमंतनंच मला सांगितलं ते, हसत. मी चीड कुणावर काढायची? त्या ट्रॉलीवाल्यावर? त्याची नजर तरी शाबूत होती.

मागच्या महिन्यात त्यांची नवीन चित्रं आली, आम्ही उद्घाटन ठेवलं. फीत कापून झाली, हार झाले, आणि कुणीतरी हणमंतच्या हातात माइक दिला. बायकोला घेऊन आला होता तो, इस्त्रीचा शर्ट घालून.

"माझी रेष लई वाकडी हुती," तो म्हणाला. "दुसरं कुणी असतं तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. सरांनी तसं केलं न्हाई. खरं ते तोंडावर सांगितलं. आज माझ्या हाताला जे काय वळण हाय, ते सरांमुळं."

त्याच्या बायकोनं माझ्याकडे बघून हात जोडले. टाळ्या झाल्या.

मीही वाजवल्या.