चिकलठाण्याचा पंखवाला बोर्ड

समुद्र नसलेल्या गावात सर्फबोर्ड बनवायला घ्या, मग किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी शेडपर्यंत चालत येतात!

आमची चिकलठाण्याला फायबरची शेड आहे. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, रिक्षाचे हूड, असला माल. मालक भास्करराव, माझे शाळेपासूनचे मित्र. मी चेन्नईकडे नोकरीला असताना एका जुन्या पंखवाल्या बोर्डावर सर्फिंग शिकलो आणि परत आल्यावर हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं. त्यांनी शेडचा एक कोपरा दिला, पण अट घालून. "उन्हाळा संपायच्या आत गिऱ्हाईक आण. नाही आलं तर तिथं पुन्हा टाक्या!"

आता पंख म्हणजे काय? शेपटीच्या जरा अलीकडे बोर्डाच्या दोन्ही कडा एकदम आत घेतात, छोटी खाच पडते आणि तिच्या पुढची कड पंखासारखी दिसते. त्यामुळे खाचेच्या पुढे बोर्ड चांगला रुंद राहतो आणि मरतुकड्या लाटेवरही पळतो. मागे शेपूट निमुळती, म्हणून पाय दाबला की झटकन वळतो. यापेक्षा शहाणं डिझाइन अजून कुणी काढलेलं नाही, असं माझं मत आहे आणि ते मी कुणालाही ऐकवतो.

*

पहिल्या बोर्डाचा आतला फोमचा गाभा मी स्वतः घासला. दोन्ही पंख अगदी सारखे आले. खूश होऊन जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर कडा सरळसोट! आमचे फायबर चढवणारे सलीमभाई हात पुसत उभे.

"सलीमभाई, पंख कुठं गेले?"

"कायके पंख? दोनों बाजू से कट्या हुआ था साब. पुट्टी मारके बराबर कर दिया." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मालक कू मैं कुछ बोलताच नै. आप फिकर नक्को करो!"

माणूस माझी अब्रू वाचवत होता, त्याच्यावर रागवणार कसं? पुट्टी खरवडता खरवडता मी त्यांना सगळं डिझाइन समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मतलब बदन पैलवान का, पलटी मछली की. ऐसा बोलो ना!"

तेव्हापासून मी तसंच बोलतो.

*

बोर्ड तयार झाला, पण चालवून बघायचा कुठं? भास्कररावांचं दौलताबादला सीताफळाचं शेत आहे, तिथं मोठं शेततळं. ट्रॅक्टरला दोर बांधला, दुसरं टोक भास्कररावांच्या हातात, आणि ट्रॅक्टर काठाकाठानं निघाला. भास्करराव बोर्डावर उभे राहिले की हो!

कोपरा आला तसं मी ओरडलो, "मागचा पाय दाबा!" त्यांनी दाबला, बोर्ड गर्रकन वळला आणि भास्कररावांसकट काठावर चढला.

त्यांचे वडील आबा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "वळतंय तर लई झ्याक. ब्रेक कुठं हाय?"

*

पॉलिश पेपरचं काम आमच्या नंदाबाई करतात. हर्सूलहून येतात. एक बिघडलेला बोर्ड त्या घरी घेऊन गेल्या, तेव्हा मला वाटलं, फळी म्हणून वापरणार असतील.

एकदा त्यांच्या घरी गेलो. गच्चीवर विटांवर बोर्ड, बोर्डावर कुरडया, कुरडयांवर धुतलेलं पातळ लुगडं. लुगड्यावरून दोरी घेतलेली, आणि ती दोन्ही पंखांच्या खाचांत पक्की बसवलेली!

"वारं सुटलं तरी सरकत नाय," नंदाबाई म्हणाल्या. "साहेब, लई इचार करून काढलीय बघा तुमी ही खाच."

मी मान डोलावली. कौतुक कुणी परत करतं का?

*

शेवटी कोकणातला एक सर्फिंग शिकवणारा फोनवर सापडला, नाईक. "पंखवाला? ते फार जुनं झालं हो," तो म्हणाला. "आणि तुमच्याकडे समुद्र तरी आहे का?"

"नाही. तुमच्याकडे कारखाना आहे का?"

तो हसला आणि म्हणाला, "या घेऊन."

*

बोर्ड घेऊन मी आणि भास्करराव टेम्पोनं कोकणात निघालो, तसे नंदाबाई आणि सलीमभाईही चढून बसले. आपण बनवलेली वस्तू चालते कशी, ते त्यांना बघायचं होतं. नाईक स्वतःचा परदेशी, साध्या गोल शेपटीचा बोर्ड घेऊन आला. लाटा त्या दिवशी अगदीच मलूल. त्याचा बोर्ड लाटेवर जेमतेम चढायचा आणि थांबायचा. मग त्याने आमचा घेतला.

आणि बाहेरच येईना! आमचा चहा झाला, भजी झाली, दुसरा चहा झाला. तो आपला लाटेवर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा आत. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटत होतं. सलीमभाई तर प्रत्येक वळणाला ओरडत होते, "पलटी मछली की!"

अखेर नाईक बाहेर आला. डोकं पुसत म्हणाला, "डिझाइन जुनंच आहे."

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. मला डोळ्यांसमोर टाक्या दिसायला लागल्या.

तेवढ्यात नाईकने आमचा बोर्ड उचलला आणि स्वतःच्या जीपच्या टपावर बांधायला घेतला.

"अहो, ते सँपल आहे!" मी म्हणालो.

"मग माझा ठेवून घ्या. हा काही मी देत नाही. आणि असलेच अजून पाठवा, माझ्या सर्फिंगच्या शाळेला लागतील."

जीप गेली. वाळूत तो परदेशी बोर्ड पडलेला. नंदाबाईंनी वाकून त्याच्या एका कडेवरून हात फिरवला, मग दुसऱ्या कडेवरून, आणि पदराला हात पुसला.

"ह्यो नको, साहेब. कुरडयांची दोरी कुठं अडकवू?"