परक्या नावांची भांडी

नळाला पाणी आलं की गोपिकाबाई रोज सकाळी मोरीतून हाक द्यायच्या, "चला धोंडबा, भरून घ्या!" धोंडबा म्हणजे पितळी गुंड. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : 'धोंडबा यांजकडून सप्रेम भेट.' हा धोंडबा कोण, कुठला, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

महाल वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत अशी बरीच परकी माणसं नांदत होती. शालिकरामात वरण शिजे, चंद्रभानात दूध तापे. सगळी आलेली भाऊबिजेला.

गोपिकाबाईंचा धाकटा भाऊ रुपराव इतवारीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात नावं कोरायचा. लग्नसराईत लोक आहेराची भांडी नाव घालायला टाकून जात. मग एखादं लग्नच मोडे, एखादं गिऱ्हाईक फिरकतच नसे. नाव घातलेलं भांडं दुसरं कोण घेणार? दिवाळीला मालक त्यातलंच एखादं रुपरावच्या हाती ठेवी. तीच त्याची बक्षिसी, आणि तीच बहिणीची ओवाळणी.

लग्नानंतरची पहिली भाऊबीज साठ सालची. सासरी आल्यापासून गोपिकाबाईंना कुणी नावानं हाक मारली नव्हती. सासूची ती 'सूनबाई', नवऱ्याची 'अवं'. पुढे लेक झाल्यावर गल्लीभर 'पुष्पीची माय'. भाऊ नावं कोरणारा, तेव्हा निदान एका भांड्यावर तरी आपलं नाव असेल, या आशेनं त्यांनी त्यानं आणलेल्या गुंडाचा गळा पदरानं पुसून पाहिला.

"हा कोन गा धोंडबा?"

"ज्या लग्नात द्याचा होता ते लग्नच मोडलं, बाई," रुपराव खाली पाहत म्हणाला. "पन भांडं पक्कं आहे."

तेवढ्यात शेजारची पंचफुला म्हणाली, "काय वं, तुहा भाऊ ओवाळणी आनते का मानसं आनते?"

"मानसंच! पगार नाई मागत, सकाळपासून राबते," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि बोललेलं खरं करायला दुसऱ्या दिवसापासून धोंडबाला हाक मारू लागल्या.

वर्षं जात राहिली. कधी घरात कुणी पान खात नसताना पानदान आलं, कधी पाझरणारी तेलाची बुधली. एका दिवाळीला तर नुसतं झाकणच आलं, चंपतराव नावाचं. डबा कुठे राहिला देव जाणे. दर वर्षी त्या पदरानं नाव पुसून पाहत, आणि दर वर्षी हसून ताट उचलत. मात्र आत काहीतरी खट्टू होई. चंपतराव शालिकरामावर नेमका बसला, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

एकदा भावजय प्रयागबाई सहज म्हणून गेली, "हे भांडं मोडीत घातलं असतं तर लेकरायले कपडे झाले असते. पन हे म्हनते, बाईचं ताट मी रिकामं नाई ठेवत."

त्या संध्याकाळी गोपिकाबाईंनी सगळी भांडी चिंचेनं घासली. पाझरणारी बुधलीसुद्धा. ती देवळीत, दिव्याशेजारी ठेवली. त्यानंतर भाऊबिजेला त्यांनी नाव शोधलं नाही. आधी भावाला डोळे भरून पाहिलं.

एक्याऐंशी साली लेकीचं, पुष्पलतेचं लग्न ठरलं. रुपरावची नजर आता अधू झाली होती. लग्नाआधी तो एक नवंकोरं पातेलं घेऊन आला. अक्षरं थोडी वाकडी, पण खोल. एकच नाव : 'गोपिका.'

त्या किती तरी वेळ त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "तुले कोनं सांगतलं?"

"पहिल्या साली तू पदरानं पुसून पाह्यलं, तवाच समजलं," रुपराव म्हणाला. "पन मालकानं देल्लेल्या भांड्यावर तुह्यं नाव काहून घालू? स्वतः घेतलेलं पाह्यजे होतं. उशीर झाला, बाई."

"काहीच उशीर नाई झाला," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासमोर शालिकरामातलंच गरम वरण वाढलं.

रुखवताच्या वेळी पुष्पलतेनं विचारलं, "आई, धोंडबाले देतं का माह्यासंगं?"

"धोंडबा राहू दे मले. त्याच्याबिगर माह्यं पानी कोन भरन?" आणि ते पातेलं लेकीच्या हाती ठेवून म्हणाल्या, "तू मले घेऊन जाय."

हुडकेश्वरला लेकीच्या घरी त्या पातेल्यात रोज दूध तापू लागलं. आईची सवय लेकीलाही लागली होती. "गोपिका उतरवा," असं ती नवऱ्याला बिनदिक्कत सांगे, आणि कधीमधी भेटीला आलेल्या गोपिकाबाई पदर तोंडाला लावून हसत.

शेवटच्या थंडीत त्या लेकीकडेच होत्या. सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी, उन्हात, बाजेवर पडून असत. त्या दिवशी दूध चुलीवर ठेवून पुष्पलता फाटकाशी शेजारणीशी बोलत उभी होती. गोपिकाबाईंनी मान उचलून हाक दिली,

"पुष्पे, ये वं लवकर, गोपिका उतू जाऊन राहिली!"