थिजलेल्या पडद्यावरची फुगडी

बाळांनो, फोन जोडला की तुमचा लॅपटॉप अडकतो, असं काल सांगितलंत आणि मला काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातले आमचे शेजारी आठवले. ते बँकेत होते. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी पान थुंकून, चूळ भरून येत, जणू पूजेलाच बसायचंय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तुमच्या बाबाने दिलेल्या लॅपटॉपवर मी सासूबाईंचं फुगडीचं गाणं टाइप केलं. सकाळी त्यांना ते अवचित आठवलं होतं, दुपारी पुन्हा विसरल्या. गाणं साठवायला फ्लॉपी ड्राइव्ह जोडला आणि पडदा थिजला. मी शेजाऱ्यांना हाक मारली, ते चूळ भरून आले.

"बंद करू का?" मी विचारलं.

"रुकिए वहिनी. बंद केलं तर गाणं गेलं. अजून दिसतंय ना? मी वाचतो, तुम्ही कागदावर लिहा."

ते मिशीवाले गृहस्थ गंभीरपणे, बँकेतलं पत्र वाचावं तशी फुगडी वाचू लागले.

"अशी वाचतात होय रे?" आतून सासूबाई म्हणाल्या आणि शब्द ऐकता ऐकता स्वतःच गाऊ लागल्या.

गाणं कागदावर उतरल्यावर शेजाऱ्यांनी लॅपटॉप बंद केला, ड्राइव्ह आधी जोडून सुरू केला, आणि तो चालला.

तो लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला. गाणं माझ्याकडे आहे, चालीसकट.