माहेरच्या नावाची तळटीप

आमच्या नार्व्याच्या सरांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं एक वाक्यही नाव सांगितल्याशिवाय वापरलेलं नाही. विनोद सांगायचा तरी आधी तो कुठल्या मेहुण्याचा, मेहुण्याने तो कुणाकडून ऐकला, हे सगळं येणार; तोवर ऐकणाऱ्याचं हसू वाळून जाई. कँटीनवाला म्हणाला, "सर, पाव आत्ताच भाजलेत," की हे विचारणार, "कुणी सांगितलं?" "पोदेरान." "पाव भाजणारा पोदेर आपल्याच पावांबद्दल दुसरं काय सांगणार?" त्यांच्या लग्नात वहिनींनी उखाणा घेतला, तेव्हा नवरदेवाने भर पंगतीत विचारलं, "तुझाच काय हा?" तो शेजारणीचा निघाला. मग शेजारणीला पुढे बोलावून तिचं नाव सगळ्यांना सांगितल्यावरच घास घेतला. अशा माणसाच्या हाताखाली मी गोव्यातल्या पेडण्याच्या फुगडीगीतांवर प्रबंध लिहायला घेतला. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आणि तो गेला तरच कॉलेजातली माझी नोकरी कायम होणार होती. एकही ओळ उचललेली नाही, असा निर्वाळा संगणकाने दिलेला. सरांनी मात्र एका तळटीपेवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'केरीतील एका वृद्ध महिलेने हे गीत सांगितले.' सर म्हणाले, "पुस्तकवाल्यांना नाव, आवृत्ती, पान. आणि जिच्या तोंडचं अख्खं गाणं घेतलंस, ती नुसती 'एक'? ही चोरीच गो बाय."

चरफडत केरी गाठली. आजी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. नाव विचारलं तर म्हणाल्या, "खंयचा होया? म्हायरचा काय हयचा?" लग्नात नाव बदललेलं. माहेरी, चोपड्याला, त्या सुंदर होत्या; सासरी रुक्मिणी झाल्या. तिथूनच सरांना फोन लावला. "गाणं कुठे शिकल्या त्या?" "चोपड्याला, लहानपणी." "मग ते सुंदरचं गाणं. रुक्मिणीच्या नावावर कसं घालशील?" मी वहीत 'सुंदर' लिहिलं. आजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्या नावान हाक मारूक आता कोण उराक नाय." एवढ्यात फोनवरून सरांचा आवाज आला, "बाकीच्या पंचवीस जणींचं काय?"

फोन आपटावासा वाटला. प्रबंधात अशा 'एका महिलेने' खरंच आणखी पंचवीस होत्या. सोमवार गेला, नोकरी कायम होणं वर्षभर लांबलं, आणि मी रणरणत्या उन्हात वाडेच्या वाडे पालथे घालत सरांच्या नावाने खडे फोडत राहिले. कुणी लाजली, कुणी सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच सांगितलं. शेवटच्या घरातल्या आजींनी सासरचं नाव झटकन सांगितलं. मग माहेरचं विचारलं. ते मात्र त्यांना आठवेना. मी पेन धरून बसून राहिले. आणि तेवढा वेळ मला सरांचा अजिबात राग आला नाही.