रिकामा स्लॉट

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये माझ्या खालच्या मजल्यावरचे काका एकटेच राहायचे. प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच द्यायची त्यांना सवय. "चहा घेणार? घेणार," म्हणत गॅस पेटवायचे. सोसायटीतल्या जुन्या गणेशोत्सवांच्या व्हिडिओ कॅसेट ते कॉम्प्युटरवर उतरवत बसत. त्यांत दिसणारी बहुतेक माणसं कधीच बिल्डिंग सोडून गेली होती.

कॉम्प्युटर फारच अडकायला लागला, तेव्हा रॅम वाढवायची ठरली. दुकानात मी म्हटलं, "काका, सोळा जीबीची एकच घ्या. दुसरा स्लॉट रिकामा ठेवू, पुढे लागली तर अजून एक टाकू."

"पुढे कोण टाकणार? तू तर चाललास ना बदलापूरला, नव्या घरी?"

त्यांनी सोळाच्या दोन घेतल्या.

घरी येऊन मी दोन्ही बसवल्या आणि झाकण लावायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "मला जमेल? जमेल," म्हणत एक रॅम काढली आणि खट आवाज येईपर्यंत दाबून स्वतः पुन्हा बसवली. मग दुसरीही. कॉम्प्युटर सुरू झाला.

"चल, आता तू मोकळा," ते म्हणाले.

माझा पाय निघेना. शेवटी त्यांनीच उठून दार उघडलं.