धुतलेल्या पिशव्या आणि सोळावा सोमवार

दुधाची पिशवी कितीही निथळवा, कोपऱ्यात दोन थेंब उरतातच. आमच्या कारखान्याचे किस्से तसेच उरलेत माझ्याकडे!

कळंबजवळ आमचं छोटं युनिट आहे. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आम्ही बनवतो. नवा नियम आला, तेव्हा यांनी तो मला वाचून दाखवला : जेवढं प्लास्टिक विकाल, तेवढं रिसायकल करायची जबाबदारी तुमची.

मी म्हटलं, "अहो, हे तर कर्माचं फळच झालं की!"

हे म्हणाले, "हो, फक्त हे फळ पोर्टलवर अपलोड करायचंय!"

*

मग शेतकऱ्यांकडून जुना पेपर परत घ्यायला सुरुवात केली. पारगावचे एक भाऊ ट्रॉली भरून घेऊन आले. बघतो तर निम्मी माती!

"भाऊ, पेपर कमी अन् मातीच लई हाय की!"

"असू द्या वहिनी, आमची काळी आई हाय. फुकाट दिली!"

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकांना सांगितलं, यंदा मी वाण देणार नाही, मागणार. नुसत्या पेपरनं हिशेब भरत नाही, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन आणा.

पेठच्या नणंदबाई फणकारल्या, "वाण मागून घेत्यात व्हय कुठं?"

पण आणल्या हो सगळ्यांनी! फक्त वाण म्हणून प्रत्येक पिशवीला हळदीकुंकू लावून. मशीनमधून प्लास्टिकचा गुलाबी दाणा निघाला. हे कपाळाला हात लावून बसले!

*

तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र शेडमधल्या पिशव्यांच्या ढिगाचा वास घेतला आणि रिसायकलिंगची परवानगी अडकवली. पुन्हा येऊ म्हणाले. वीस घरं त्या शेडवर चालतात. मी सोळा सोमवार धरले. पिशव्या निवडणाऱ्या शेवंतामावशींनी नियम धरला : न धुतलेली पिशवी आत नाही.

सोळाव्या सोमवारी नवे साहेब येणार होते. हे सरकारी गाडीची वाट बघत गेटवर उभे. साहेब आले मोटरसायकलवर, मागच्या बाजूनं, आणि हातातल्या पिशवीतलं ताक संपवत शेडमध्ये शिरले. मी प्रसादाचा चुरमा घेऊन शेडच्या दारात पोचले आणि तिथंच थिजले. त्यांनी रिकामी पिशवी ढिगावर टाकली होती!

"ओ पावणं!" मावशी कडाडल्या. "धुवा आधी! घाण दिसली तर साहेब परवानगी द्यायचा न्हाई!"

साहेब नळावर गेले. पिशवी धुतली, दोरीवर चिमट्यानं लावली.

"मावशी, आता देतील का हो साहेब परवानगी?"

मावशींनी पिशवीत नाक घातलं.

"कोपऱ्यात ताक हाय अजून. परत धुवा!"